देश कमी, मुक्काम जास्त

पत्र : नमस्कार ताई. मी बँकेतून निवृत्त झालो त्याला सहा वर्षं झाली. माझं वय ६६, सौ.चं ६२. जुळे सोलापुरात राहतो. आजवर दोघांनीही परदेश पाहिलेला नाही. लग्नाला यंदा चाळीस वर्षं होतील म्हणून पुण्याच्या मुलाने आम्हाला युरोपला पाठवायचं ठरवलंय : ११ दिवस, ७ देश. सोबत कार्यक्रमाचा फोटो जोडतोय. तो वाचूनच मला धाप लागली. सौ.चे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मला बीपीची गोळी आहे. दोघंही शाकाहारी. आम्हाला निवांत फिरायचंय, पण मुलगा म्हणतो, "एवढे पैसे घालून दोनच गावं बघणार का?" आमचे एक मित्र म्हणतात, क्रूझ घ्या, सामान उचलायला नको. विमान, हॉटेल, क्रूझ हे निवडायचं कसं? दोघांचे मिळून सात लाखांपर्यंत तयारी आहे.

काका, सप्रेम नमस्कार. काकूंनाही सांगा.

तुम्ही पाठवलेला कार्यक्रम मी नकाशा समोर ठेवून वाचला. त्यातला पाचवा दिवस बघा. "सकाळी नाश्ता करून पॅरिसहून प्रस्थान. ब्रुसेल्स येथे फोटो स्टॉप. सायंकाळी ॲमस्टरडॅम परिसरातील हॉटेलात मुक्काम." पॅरिस ते ब्रुसेल्स ३०० किलोमीटरच्या वर, तिथून ॲमस्टरडॅम आणखी २०० च्या वर. म्हणजे सोलापुरातून सकाळी निघून बसने मुंबई गाठायची आणि मुंबई आली तरी न थांबता आणखी शंभर किलोमीटर पुढे जायचं, शिवाय वाटेत एका देशाची राजधानीही उरकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बॅगा खोलीच्या बाहेर. गुडघे दुखत असलेल्या माणसाने हे अकरा दिवस करायचं, आणि वर हसऱ्या चेहऱ्याचे फोटो मुलाला पाठवायचे. धाप लागली ती उगाच नाही लागली.

यात टूर कंपनीची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. युरोपात बसचालकाने दिवसाला किती तास गाडी चालवायची ते कायद्याने ठरलेलं आहे. सर्वसाधारणपणे नऊ तास, आणि साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. रात्रीची विश्रांतीही ठरलेली. त्यामुळे टूर मॅनेजर घड्याळाकडे बघत "चला, चला, बसमध्ये बसा" करत असतो, ते त्याच्याही हातात नसतं. सात देश अकरा दिवसांत बसवले की मग हेच होणार.

माहितीपत्रकातले दोन-तीन शब्द नीट ओळखून ठेवा. "पॅनोरमिक टूर" किंवा "ओरिएंटेशन टूर" म्हणजे बसमध्ये बसून काचेतून बघणं. "फोटो स्टॉप" म्हणजे पंधरा-वीस मिनिटं खाली उतरणं, आत जाणं नाही. हॉटेलच्या नावापुढे "किंवा तत्सम" आणि गावाच्या नावापुढे "परिसरात" असेल, तर मुक्काम शहराबाहेर, हमरस्त्याच्या कडेला असण्याची शक्यता धरून चाला. तिथून संध्याकाळी जेवणानंतर पायी फिरायला जाऊ म्हटलं तर आजूबाजूला पेट्रोल पंप आणि गोदामं. वारकरी कळसाला नमस्कार करून समाधान मानतो, कारण तो दिंडीबरोबर इतके दिवस चालून तिथे आलेला असतो. बसच्या काचेतून आयफेल टॉवर पाहून ते समाधान मिळत नाही, कितीही फोटो काढले तरी.

तरीही ग्रुप टूर काही जणांना खरंच मानवते. मराठी बोलणारी माणसं, रोजचं वरण-भात, कागदपत्रांची काळजी नाही. एकटं पडायची भीती मनात असेल तर तीही छोटी गोष्ट नाही. पण तुम्ही पत्रात "निवांत" हा शब्द लिहिलाय, म्हणून पुढचं सगळं तो शब्द धरून सांगते.

माझा सल्ला सरळ आहे. दोनच गावं घ्या, आणि दोन्हीकडे पाच-सहा रात्री राहा. बेत ठरवताना रात्री मोजा. देशांचा आकडा बाजूला ठेवा. हॉटेल बदललं की बॅग भरणं, खोली सोडणं, स्टेशन शोधणं, नवी खोली मिळेपर्यंत थांबणं यात अर्धा दिवस जातोच जातो, आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात पाय चालत नाहीत. एकाच गावात चार दिवस राहिलात की तिसऱ्या दिवसापासून गंमत सुरू होते. बेकरीवाली तुम्हाला ओळखायला लागते, कोणती ट्राम कुठे जाते ते कळतं, आणि काकूंचे गुडघे एखाद्या दिवशी कुरकुरले तर तो दिवस तळ्याकाठच्या बाकावर घालवला तरी काही बुडत नाही.

तुमच्यासाठी मी जोडी सुचवेन ती स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न आणि मग पॅरिस. ल्युसर्न का, तर तिथे डोंगर बघायला डोंगर चढावा लागत नाही. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच तळं आणि बोटींचा धक्का. बोटीत बसायचं, साधारण तासाभरात फित्सनाऊला उतरायचं, तिथेच दातेरी रुळांची छोटी गाडी उभी असते. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. अर्ध्या तासात ती रिगी डोंगराच्या माथ्याजवळ, जवळपास १८०० मीटरवर नेऊन सोडते. वर वारा खात बसायचं, खाली तळी दिसतात, गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. संध्याकाळी त्याच वाटेने परत. दिवसभरात काकूंना जिना म्हणावा असा फारसा लागणार नाही. स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर रेल्वे, बोट आणि रिगीची गाडी सगळं त्यात येतं. हा पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा मिळतो. युंगफ्राऊयोख हे बर्फातलं प्रसिद्ध डोंगरी स्टेशन मात्र त्यात पूर्ण येत नाही, फक्त सवलत मिळते. आणि ते स्टेशन ३४५४ मीटर उंचीवर आहे, काका. तुमच्या बीपीचं बघणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडचं तिकीट काढू नका. सगळे जातात म्हणून आपणही गेलं पाहिजे असं काही नाही.

ल्युसर्नहून बाझलला तासाभरात रेल्वेने, आणि बाझलहून पॅरिसला थेट वेगवान गाडी, साधारण तीन तास. विमानतळाची रांग नाही, बॅगेचं वजन नाही. पॅरिसला मात्र एक लक्षात ठेवा. तिथली मेट्रो प्रसिद्ध असली तरी बहुतेक स्थानकं जुनी आहेत, पायऱ्याच पायऱ्या, लिफ्ट क्वचित. १४ नंबरची मार्गिका तेवढी पूर्ण लिफ्टची. तुम्ही सरळ बसने फिरा. बसमध्ये चढणं सोपं आहे आणि खिडकीतून शहरही दिसतं. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. नोत्र-दामचं चर्च २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, आत जायला तिकीट नाही. एका दिवशी एकच मोठी गोष्ट ठरवा, दुपारी खोलीवर येऊन आडवं व्हा, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडा.

आता हॉटेल. प्रवासाच्या खर्चात कुठे हात सैल सोडायचा असेल तर तो इथे, आणि तोही चकाचक लॉबीसाठी नव्हे, जागेसाठी. ल्युसर्नमध्ये स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर आणि सपाट रस्त्यावर खोली हवी. तळ्याचं दृश्य दिसणारी खोली महाग असते. ती सोडलीत तरी चालेल, तळं खाली उतरलं की आहेच.

लिफ्टचं प्रकरण मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. युरोपातली बरीच हॉटेलं शंभर-दीडशे वर्षांच्या इमारतींत आहेत. "लिफ्ट आहे" असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. पण रस्त्यावरून स्वागतकक्षापर्यंत पाच पायऱ्या, मग लिफ्ट, आणि लिफ्टमधून उतरल्यावर खोलीपर्यंत पुन्हा तीन पायऱ्या, असं असू शकतं. लिफ्टही एवढीशी की एक माणूस आणि एक बॅग मावेल. म्हणून हॉटेलला ईमेल करून एकच प्रश्न विचारायचा : रस्त्यापासून माझ्या खोलीच्या पलंगापर्यंत किती पायऱ्या आहेत? चांगलं हॉटेल आकडा सांगतं. जे गोलमोल उत्तर देतं ते सोडून द्या.

दुसरा प्रश्न न्हाणीघराचा. पुष्कळ ठिकाणी शॉवर हा बाथटबच्या आत असतो आणि टबाची कड गुडघ्याएवढी उंच. ओल्या पायाने ती ओलांडणं हे काकूंसाठी जिन्यापेक्षा जास्त धोक्याचं. आरक्षण करताना "वॉक-इन शॉवर" मागून घ्या आणि ते लेखी कळवायला सांगा. तिसरी बाब, युरोपात चहाची किटली खोलीत असेलच असं नाही. पहाटे पाचला उठून चहा लागणारी माणसं असाल तर छोटी किटली आणि तिकडच्या प्लगचा ॲडॉप्टर बॅगेत टाका. स्वित्झर्लंडची पिन बाकी युरोपापेक्षा थोडी वेगळी आहे, तेव्हा ॲडॉप्टर घेताना दुकानदाराला देशाचं नाव सांगा.

परीक्षणं वाचताना एकूण गुणांवर जाऊ नका. आधी सगळ्यात ताजी वाचा, मग सगळ्यात वाईट वाचा. "नाश्त्यात विविधता नाही" अशी तक्रार असेल तर पुढे चला. "पायऱ्या", "रात्रीचा आवाज", "लिफ्ट बंद" हे तीन-चार जणांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलं असेल तर ते हॉटेल कितीही देखणं असो, आपलं नाही. आरक्षण रद्द करता येणारंच घ्या, आणि रद्द करायची शेवटची वेळ तिथल्या घड्याळाची असते हे लक्षात असू द्या. शहर कर म्हणून माणशी, रात्रीगणिक काही रक्कम बऱ्याच शहरांत हॉटेलात वेगळी भरावी लागते, तेव्हा काउंटरवर दचकू नका. आणि तिथे कार्ड चालवताना मशीन विचारेल, रुपयांत कापू की फ्रँकमध्ये? नेहमी तिथलंच चलन सांगा. रुपये निवडले की मशीनवाला स्वतःचा चढा दर लावतो.

विमानाबद्दल. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, आणि पॅरिसहून मुंबईलाही. जाताना एका गावात उतरायचं आणि येताना दुसऱ्या गावातून चढायचं, अशा तिकिटाला एजंट "मल्टी-सिटी" म्हणतात. आखातातून बदलून जाणारं विमान काही वेळा स्वस्त पडतं, पण मध्यरात्री परक्या विमानतळावर लांबलचक चालणं आलं. पैशांचा फरक फार मोठा नसेल तर थेटच घ्या. बदलून जायचंच झालं तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा आणि मध्ये किमान अडीच-तीन तास असावेत. एक तिकीट असलं की पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तरी पुढची सोय करणं त्या कंपनीवर येतं. दोन वेगळी तिकिटं स्वस्तात मिळतात म्हणून घेतलीत, तर चुकलेलं विमान तुमचं तुम्ही निस्तरायचं.

तारखेची गल्लत अनेकांची होते, म्हणून स्पष्ट सांगते. मुंबईची परदेशी विमानं पुष्कळदा मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १६ तारीख आणि वेळ १:१५ असेल तर विमानतळावर १५ च्या रात्री दहालाच पोचायचं आहे. सोलापुरातून गाडी १५ ची हवी. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि दुपारी दादरला उतरवते, आठवड्यातून एक दिवस ती नसते तेवढं बघून घ्या. दादरहून टॅक्सीने विमानतळाजवळच्या साध्या हॉटेलात जायचं, जेवून चार-पाच तास झोप काढायची आणि रात्री निघायचं. त्या खोलीचे पैसे वाया गेले असं वाटू देऊ नका. सोलापूरपासून उभ्याने निघून थेट विमानात बसलात तर पहिले दोन दिवस अंग दुखण्यात जातील. येतानाही तसंच. विमान रात्री उशिरा उतरलं तर सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची धावपळ नको, मुंबईत झोपा आणि दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी घ्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, ती तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.

आपल्याकडचे लोक सवयीने मुंबईच धरतात, पण सोलापूरला हैदराबादही जवळ आहे. रस्त्याने ३०० किलोमीटरच्या आसपास. उमरगा, झहीराबाद करत गेलं की शहरात न शिरता बाह्यवळण रस्त्याने थेट शमशाबादच्या विमानतळावर. तिथून झुरिकला जायला फ्रँकफर्ट किंवा आखातात बदलावं लागेल, म्हणून या खेपेला मी मुंबईच म्हणेन. पण पुढे कधी सिंगापूर-थायलंडचा विचार केलात तर हैदराबादचे दर आधी बघा.

काकूंसाठी व्हीलचेअर मागा. त्या नको म्हणतील, लोक काय म्हणतील असं वाटेल. मोठ्या विमानतळावर दारापासून विमानापर्यंत एक-दीड किलोमीटर चालणं सहज होतं, त्यात इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहणं वेगळं. तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवायचं. युरोपातल्या विमानतळांवर ही मदत कायद्यानेच मोफत आहे. दोघांनाही कडेची, वाटेलगतची जागा घ्या, म्हणजे अधूनमधून उठून चार पावलं टाकता येतील. जेवणासाठी "एव्हीएमएल", म्हणजे आपल्या पद्धतीचं शाकाहारी, असं आधीच नोंदवा. विमानात बसल्यावर मागून ते मिळेलच असं नाही.

झुरिकला विमान पहाटे-सकाळी उतरतं आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते. पहिल्याच दिवशी सहा-सात तास सामान सांभाळत बसणं तुमच्या वयाला बरं नाही. आदल्या रात्रीपासूनची खोली घ्या आणि आम्ही सकाळी पोचणार असं कळवून ठेवा, नाहीतर आला नाहीत म्हणून ते आरक्षण काढून टाकतील. एका रात्रीचे जास्तीचे पैसे जातील. पोचल्या पोचल्या अंघोळ करून पलंगावर पाठ टेकता येते, यापेक्षा चांगला उपयोग त्या पैशांचा मला दिसत नाही.

आता तुमच्या मित्रांची क्रूझ. सामान एकदा खोलीत लावलं की आठवडाभर हलवायचं नाही, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. मोठ्या जहाजावर लिफ्ट भरपूर, शाकाहारी जेवण आधी सांगितलं तर मिळतं. ज्यांना समुद्र बघत बसायला आवडतं त्यांच्यासाठी ही उत्तम सुट्टी. पण भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या जाहिरातीत बंदरांची नावं वाचताना सावध राहा. "रोम" लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तरेक किलोमीटरवर. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिवोर्नो, तिथूनही ऐंशीच्या वर. उत्तरेकडच्या फेऱ्यांत "पॅरिस" म्हणजे ल हाव्र बंदर, पॅरिसहून जवळपास २०० किलोमीटर. जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं, त्यात येण्याजाण्याचे चार-पाच तास बसमध्ये. म्हणजे ज्या बसला कंटाळून तुम्ही क्रूझ घेतली तीच बस पुन्हा. शिवाय काही ठिकाणी, उदाहरणार्थ सँटोरिनीला, जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रातच छोट्या बोटीत उतरावं लागतं, त्यांना "टेंडर" म्हणतात. हलत्या बोटीत पाय टाकणं काकूंना अवघड जाईल. स्वतःची गाडी करून फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आणि जहाजावर सगळं मोफत ही समजूतही काढून टाका. रोजची टिप, इंटरनेट, बंदरावरच्या सहली, डॉक्टर, यांचे पैसे सहसा वेगळे पडतात.

म्हणून या खेपेला क्रूझ नको. आधी मुंबईहून दोन-तीन रात्रींची गोव्याकडची फेरी करून बघा, पावसाळा सोडून. समुद्र तुम्हाला लागतो का, बंद खोलीत झोप येते का, दोन दिवसांत कंटाळा येतो का, हे थोड्या पैशांत कळेल. खोली घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खालची नको, पहाटे खुर्च्या ओढायचा आवाज येतो. आवडली तर पुढल्या वर्षी ऱ्हाइन किंवा डॅन्यूब नदीतल्या क्रूझचा विचार करा. ती जहाजं लहान असतात आणि बहुतेक गावाच्या पोटातच लागतात, उतरलं की बाजारपेठ.

खाण्याची काळजी मला फारशी वाटत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली की सोलापूरचा माणूस कुठेही टिकतो, आणि दोन्ही बिनदिक्कत नेता येतात. तूप, पेढे, खव्याचं काहीही मात्र नको. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. ताजी फळं आणि कढीपत्ताही नको. गोळ्या मात्र हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

कागदपत्रांत घाई करू नका आणि उशीरही नको. दोघांच्या पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने हवी, मी तर सहा धरायला सांगते. पासपोर्टवर जसं नाव आहे अक्षर न् अक्षर तसंच तिकिटावर. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स दोन्ही शेंगेन गटात, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणून ल्युसर्नला सहा आणि पॅरिसला पाच रात्री ठेवून अर्ज स्वित्झर्लंडकडे करा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, व्हिसा केंद्राची फी वेगळी. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागेल, म्हणजे पुण्या-मुंबईची एक खेप धरा. व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारं कोणतंही आरक्षण घेऊ नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो काढताना बीपी आणि गुडघे लपवू नका, आधीचे आजार धरणारी पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणं सुरू झालंय, तेव्हा झुरिकला रांगेत वेळ गेला तर घाबरायचं कारण नाही.

केव्हा जायचं? मे महिन्यात सोलापूर तापतं म्हणून सगळेच तेव्हा पळतात, आणि व्हिसाच्या तारखांपासून हॉटेलांपर्यंत सगळं तेव्हाच तुंबतं. गौरी-गणपती उरकले की निघा आणि घटस्थापनेच्या आत घरी या. तिकडे हवा तेव्हा गार आणि बरी असते, शाळा सुरू झालेल्या असल्याने गर्दीही ओसरते. पितृपक्षात घरचं श्राद्ध असेल किंवा तुम्ही तो काळ मानत असाल, तर जूनचा उत्तरार्ध घ्या. तेव्हा पॅरिसला रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो.

सात लाखांत हे बसेल, हॉटेलं चार-पाच महिने आधी धरलीत तर. सगळं स्वतः करायचं दडपण वाटत असेल तर ओळखीच्या एजंटाला "ग्रुप नको, आमच्या दोघांपुरतं लँड पॅकेज करून द्या" (म्हणजे विमान सोडून बाकीची सोय) असं सांगा आणि वरचे सगळे प्रश्न त्याच्यापुढे ठेवा. एजंटाकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, लागतो. त्याची पावती जपा, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. तुम्ही बँकेतले, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

राहिला मुलगा. त्याला आईवडिलांना जास्तीत जास्त द्यायचंय, म्हणून तो देश मोजतोय. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला पाचव्या दिवसाचं वेळापत्रक आईच्या गुडघ्यांच्या हिशेबाने मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आणि मग त्याच्याकडून खऱ्या उपयोगाची कामं करून घ्या : तुमच्या मोबाइलवर रेल्वेचं ॲप, ऑफलाइन नकाशा, तिथलं सिमकार्ड, सगळ्या कागदांच्या प्रती. रोज संध्याकाळी एक फोन ठरवून ठेवा, त्याचाही जीव स्वस्थ राहील. काकूंनाही विचारा हो, त्यांना काय बघायचंय ते. तुमच्या पत्रात त्यांचे गुडघे आहेत, त्यांची आवड कुठेच आलेली नाही. त्यांना डोंगरापेक्षा पॅरिसच्या बागा जास्त बघाव्याशा वाटल्या तर रात्रींची वाटणी उलटी करा, आणि मग व्हिसाचा अर्जही फ्रान्सकडे जाईल.

दोन-तीन हॉटेलांची नावं काढलीत की मला पाठवा. पायऱ्या आणि टबाबद्दल त्यांना काय विचारायचं ते इंग्रजीत लिहून देते.